पहिल्या दिवसाचा हिशोब

पहलगामच्या हल्ल्यानंतर मे २०२५ मध्ये आपण पाकिस्तानवर केलेल्या ऑपरेशन सिंदूरवरचं भांडण अजून संपत नाहीये आणि मला त्रास याचा होतो की इतकं भांडूनही आपण पहिल्याच पायरीवर उभे आहोत. एक बाजू म्हणते आपली किती विमानं पडली ते सांगा, दुसरी म्हणते हा प्रश्न विचारणं म्हणजेच सैन्याचा अपमान. जुलै २०२५ मध्ये लोकसभेत चर्चा झाली तेव्हाही हेच झालं. काँग्रेसच्या गौरव गोगोईंनी आकडा मागितला, पण संरक्षणमंत्री राजनाथ सिंहांनी त्याआधीच सांगून टाकलं होतं की परीक्षेत निकाल बघायचा असतो, पेपर लिहिताना पेन्सिल तुटली का पेन हरवलं हे बघायचं नसतं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हे वाक्य त्या रात्री किमान दहा जणांनी टाकलं, आणि ज्या एका काकांनी विचारलं की पेन्सिलमध्ये माणूस बसलेला असतो का, त्यांना लोकांनी असं काही धारेवर धरलं की दुसऱ्या दिवशी ते ग्रुप सोडून गेले. ते काका स्वतः आर्मीतून रिटायर झालेले आहेत.

माझं मत आधीच सांगून टाकते. पहलगामनंतर प्रत्युत्तर देणं बरोबर होतं असं मला वाटतं. २२ एप्रिलला २६ माणसं मारली गेली, त्यात आपल्या महाराष्ट्रातली सहा, एकट्या डोंबिवलीतली तीन, आणि अशा वेळी सरकारने नुसती निषेधाची पत्रकं काढावीत असं मी म्हणणार नाही. पण जो माणूस युद्ध करा म्हणतो त्याने विमानांचा हिशोब सगळ्यात आधी मागितला पाहिजे. हिशोब मागणं हे युद्धाच्या विरोधातलं काम आहे हा समज मला पूर्ण चुकीचा वाटतो, युद्ध गंभीरपणे घेणाऱ्याचंच ते काम आहे. आणि हिशोब मागायचा तो कोण जिंकलं कोण हरलं हे ठरवायला मागायचा नाही, कारण पडलेल्या विमानांच्या आकड्यावरून ते ठरतच नाही.

माझे मामा ओझरला एचएएलमध्ये, म्हणजे विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीत, फिटर होते, मिग लढाऊ विमानांच्या कामावर तीसेक वर्षं घालवली त्यांनी. लहानपणी त्यांनी सांगितलेली एक गोष्ट माझ्या डोक्यातून कधी गेली नाही. त्यांच्या शॉपमध्ये भिंतीवर एक बोर्ड होता आणि त्यावर प्रत्येक पान्याची, पकडीची, स्क्रू ड्रायव्हरची त्या त्या आकाराची जागा कोरलेली होती. हत्यार काढलं की तिथे आपल्या नंबरचा बिल्ला लावायचा, शिफ्ट संपताना परत जागेवर ठेवून बिल्ला काढायचा. एखादी जागा रिकामी दिसली तर विमान तिथून हलणार नाही, मग रात्रीचे बारा वाजोत नाहीतर कोणाच्या घरी लग्न असो. कारण तो पाना पंखाच्या खोबणीत किंवा इंजिनच्या तोंडाशी राहिला तर वर गेलेल्या पायलटचं काय होईल हे सगळ्यांना माहीत होतं. मामा सांगायचे की एकदा दहा नंबरचा पाना सापडेना म्हणून बारा माणसं साडेतीन तास बॅटऱ्या घेऊन शोधत होती, आणि ज्याच्या हातून तो राहिला होता तो सगळ्यात ज्युनिअर पोरगा रडत होता, पण त्याने स्वतःच येऊन सांगितलं होतं म्हणून कोणी त्याला एक शब्द बोललं नाही. त्या शॉपमध्ये हरवलेल्या पान्याबद्दल विचारणाऱ्याला कोणी देशद्रोही म्हटलं असतं का? मग अख्खं विमान हरवलं तर विचारायचं नाही हे आपण कुठून शिकलो?

आता समोरच्या बाजूचं जे खरोखर वजनदार म्हणणं आहे ते मान्य करते, कारण ते थातूरमातूर नाहीये. पहिलं म्हणजे लढाई चालू असताना नुकसान सांगणं हा मूर्खपणा असतो. आपलं मिसाईल लागलं का चुकलं हे शत्रूला माहीत नसतं, आणि आपण जाहीर केलं की त्याला आयतंच कळतं कुठली पद्धत चालली. एअर मार्शल ए. के. भारतींनी ११ मेच्या पत्रकार परिषदेत नुकसान हा लढाईचा भागच असतो एवढंच सांगून तपशील द्यायला नकार दिला, आणि त्या दिवशी ते शंभर टक्के बरोबर होतं. दुसरं म्हणजे यात धंदा होता. पाकिस्तानची जे-१० विमानं आणि पीएल-१५ मिसाईलं चिनी आहेत, राफेल फ्रेंच आहे, आणि लढाई चालू असतानाच चिनी कंपनीचा शेअर उसळला होता. म्हणजे आपल्या पडलेल्या विमानाची बातमी कोणाच्या तरी सेल्स ब्रोशरमध्ये जाणार होती. तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं, शेवट आपल्या बाजूने झाला. १० मेच्या सकाळी नूर खान, सरगोधा, भोलारी, जेकबाबाद अशा तळांवर जे हल्ले झाले त्यांची सॅटेलाइट चित्रं जगाने बघितली आणि त्याच संध्याकाळी शस्त्रसंधी झाली. हे सगळं मला मान्य आहे.

पण हे तीनही मुद्दे मे महिन्याचे आहेत. लढाई चार दिवस चालली, गप्प बसणं मात्र संपतच नाही. आणि खरं तर पूर्ण गप्पही बसलो नाही आपण. ३१ मेला सीडीएस, म्हणजे संरक्षण दलप्रमुख, जनरल अनिल चौहान यांनी विमानं पडल्याचं मान्य केलं, सहा हा पाकिस्तानचा आकडा साफ चुकीचा आहे असंही सांगितलं, आणि म्हणाले की विमान पडलं यापेक्षा ते का पडलं हे महत्त्वाचं, आम्ही चूक शोधली, सुधारली आणि दोन दिवसांनी पुन्हा उडालो. इतकं प्रामाणिक, इतकं सैनिकी उत्तर. पण ते दिलं कुठे, तर सिंगापूरमध्ये, एका परदेशी वृत्तसंस्थेला. आपल्या संसदेला दोन महिन्यांनी काय मिळालं, तर पेन्सिलची उपमा. मधल्या काळात डोनाल्ड ट्रम्प यांनी पाच जेट पडली असं सांगून टाकलं, कोणाची ते न सांगता, आणि आपण सगळे त्या पाचाचा अर्थ लावत बसलो. आपल्या पायलटांची गोष्ट आपल्याला दुसऱ्या देशाच्या राष्ट्राध्यक्षाकडून ऐकायला लागते ही मला फार वाईट गोष्ट वाटते.

सीडीएसच्या त्या बोलण्यातला "का" हाच खरा प्रश्न आहे. तो धरून मागे गेलं की एक गोष्ट दिसते आणि ती दिसल्यापासून माझी झोप उडाली आहे. १ सप्टेंबर १९६५. छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसलेले, संरक्षणमंत्री आपले यशवंतराव चव्हाण, हवाई दलप्रमुख अर्जन सिंग. दुपारी उशिरा यशवंतरावांनी परवानगी दिली आणि तासाभरात पठाणकोटवरून विमानं निघाली. त्यात व्हॅम्पायर होती, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या डिझाइनची, आणि समोर पाकिस्तानची सेबर जेट. चार व्हॅम्पायर त्याच संध्याकाळी गेली. मग व्हॅम्पायर आघाडीवरून मागे घेतली, छोटी नॅट विमानं आणली, आणि ३ तारखेला नॅटच्या नावावर पहिलं सेबर लागलं. आता १९९९ बघा. २६ मेला कारगिलमध्ये हवाई दल उतरलं. २७ ला एक मिग-२७ आणि एक मिग-२१ गेलं, २८ ला खांद्यावरून सोडलेल्या मिसाईलने एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडलं, चारही जण गेले. मग पद्धत बदलली, हेलिकॉप्टरं त्या कामातून काढली, जेट त्या मिसाईलच्या टप्प्याच्या वरून उडायला लागली, मिराज-२००० ला लेझर बॉम्ब लावून २४ जूनला टायगर हिलवर अचूक मारा केला. २०१९, बालाकोटच्या दुसऱ्या दिवशी, २७ फेब्रुवारी: मिग-२१ पडलं, अभिनंदन वर्धमान पकडले गेले, आणि त्याच सकाळी बडगामला आपल्याच मिसाईलने आपलंच एमआय-१७ पाडलं, हवाई दलाचे सहा जण आणि खाली एक नागरिक. त्या सहातले एक अधिकारी आमच्या नाशिकचे. आणि २०२५ मध्ये परत पहिल्या रात्री नुकसान, दोन दिवसांनी सुधारणा.

१९६५, १९९९, २०१९, २०२५. चारही वेळा आपण पहिल्या एकदोन दिवसांत किंमत मोजली, आणि चारपैकी तीन वेळा लगेच शिकून जबरदस्त काम केलं. शिकण्याबद्दल मला या लोकांचा प्रचंड अभिमान आहे. पण दर वेळी पहिल्या दिवशी का? जी गोष्ट दोन दिवसांत दुरुस्त करता येते ती दोन दिवस आधी का कळत नाही? विमान जुनं होतं म्हणून, समोरच्या मिसाईलचा टप्पा आपण कमी धरला म्हणून, आपलं कोण परकं कोण ओळखायची सिस्टीम बंद होती म्हणून, का वरून आलेल्या आदेशामुळे? प्रत्येक वेळचं कारण वेगळं असेलही. पण ते शोधायला चार वेळचे हिशोब शेजारी शेजारी मांडायला लागतात, आणि आकडाच मागायचा नाही म्हटलं की मांडणार काय?

कोणी म्हणेल पहिला दिवस सगळ्यांनाच जड जातो. खरं आहे. १९६७ मध्ये काही तासांत अरबांची विमानं जमिनीवरच संपवणाऱ्या इस्रायलने १९७३ मध्ये शंभरच्या आसपास विमानं गमावली, त्यातली बरीच पहिल्या काही दिवसांत, रशियन मिसाईलच्या छत्रीखाली शिरून. पण पुढे त्यांनी काय केलं? युद्ध थांबल्यावर महिन्याभरात अग्रानात कमिशन नेमलं, पहिला अहवाल एप्रिल १९७४ मध्ये आला आणि पंतप्रधान गोल्डा मेयर यांना जावं लागलं. त्या अहवालाचा मोठा भाग कित्येक वर्षं गुप्तच होता, म्हणजे सगळं चव्हाट्यावर आणा असं मी म्हणतच नाहीये. पण चौकशी झाली, देशाला माहीत होतं की झाली, आणि १९८२ मध्ये त्याच हवाई दलाने लेबनॉनमधल्या बेका खोऱ्यात सीरियाच्या जवळपास सगळ्या मिसाईल बॅटऱ्या एका दुपारी उडवल्या. आणि लांब कशाला जायचं, आपल्याकडे दोन्ही प्रकारची उदाहरणं आहेत. १९६२ च्या चीन युद्धानंतर हेंडरसन ब्रूक्स अहवाल झाला, तो आजही सरकारने उघड केलेला नाही, आणि ६२ मध्ये लढाऊ विमानं का वापरली नाहीत यावर आपण साठ वर्षं अंदाजच करतोय. याउलट कारगिलनंतर वाजपेयी सरकारने तीन दिवसांत के. सुब्रह्मण्यम यांची समिती नेमली, अहवाल काही भाग गाळून का होईना संसदेत ठेवला, आणि आज सीडीएस नावाचं पद आहे त्याचं मूळ त्याच प्रक्रियेत आहे. कारगिलचा अहवाल वाचून पाकिस्तान जिंकला का? २०१२ मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनींनी संसदेत सांगितलं होतं की तोपर्यंत ४८२ मिग विमानांना अपघात झाले आणि १७१ पायलट गेले. इतका भयंकर आकडा मंत्र्याने उभं राहून सांगितला, त्याने हवाई दलाचं मनोधैर्य खचलं का?

मनोधैर्याबद्दल अजून एक. बडगामचं हेलिकॉप्टर आपल्याच मिसाईलने पडलं हे हवाई दलप्रमुख भदौरियांनी मोठी चूक म्हणून मान्य केलं, पण सात महिन्यांनी. त्या सात महिन्यांत त्या सहा घरांत काय चाललं असेल याचा विचार करा. आपला माणूस शत्रूने मारला, का मशीन बिघडलं, का काय, हे बाहेरच्या कुजबुजीतून कळत राहणं याने कुठलं मनोधैर्य वाढतं?

आता दुसऱ्या बाजूकडे वळते, कारण विरोधातले लोकही मला कमी चुकीचे वाटत नाहीत. त्यांना आकडा हवाय तो स्कोअरबोर्डसाठी. तीन पडली म्हणजे आपण हरलो, एक पडलं म्हणजे जिंकलो, अशी भाषा. हवाई दलप्रमुख ए. पी. सिंग यांनी ऑगस्टमध्ये बंगळुरूला सांगितलं की पाकिस्तानची पाच लढाऊ आणि एक मोठं विमान आपण पाडलं, की लगेच तेही स्कोअरला लागलं. पण १९७३ मध्ये इतकी विमानं घालवूनही इस्रायलचं सैन्य सुएझ ओलांडून पलीकडे गेलं होतंच ना? राफेल पडलं का नाही यावर लोकांनी जितकी एनर्जी घालवली त्याच्या दहावा हिस्सा तरी पूंछवर घालवली का? त्या दिवसांत तिथे तोफगोळ्यांनी डझनाहून जास्त साधी माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. पानिपतानंतर नानासाहेबांना जे पत्र पोचलं म्हणतात ते आपल्याला शाळेपासून माहीत आहे, दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि खुर्दा किती गेला त्याची गणतीच नाही. निदान त्या पत्रात मोती आणि मोहरा तरी मोजलेल्या होत्या, आणि खुर्दा मोजलेला नाही हेही लिहिलेलं होतं. आपण दोन्ही बाजूंनी मोत्यांवरून भांडतोय आणि खुर्द्याचं नावही घेत नाही.

आणि विरोधकांकडे एक खरा मुद्दा होता तो आकड्याच्या गोंगाटात विरून गेला. जूनमध्ये जकार्तातल्या एका सेमिनारमध्ये आपल्याच नौदलाच्या अधिकाऱ्याने सांगितलं की पाकिस्तानच्या लष्करी ठिकाणांना आणि हवाई संरक्षणाला हात लावायचा नाही अशी राजकीय मर्यादा होती म्हणून काही विमानं गमावली. दूतावासाने खुलासा केला की संदर्भ सोडून बोलणं उचललं, आणि त्याच खुलाशात आपलं सैन्य राजकीय नेतृत्वाखाली काम करतं हेही सांगितलं. राहुल गांधींनी लोकसभेत हे धरून म्हटलं की पायलटांचे हात बांधले. मी इथे सरकारच्या बाजूने उभी राहीन. फक्त अतिरेक्यांच्या नऊ ठिकाणांवर मारा करायचा, सैन्याला हात लावायचा नाही, हा निर्णय अण्वस्त्रं असलेल्या शेजाऱ्याशी वागताना शहाणपणाचा होता. वाजपेयींनी कारगिलला एलओसी ओलांडायची नाही असं बजावलं त्यानेच जग आपल्या बाजूला आलं. पण अशा मर्यादेची किंमत असते आणि ती कॉकपिटमधला माणूस देतो. समोरचं रडार चालू आहे, मिसाईल बॅटरी चालू आहे, आणि तिला न छेडता तू आत जा, असं आपण त्याला सांगतो. हे टाळता येत नसेल तर नसेल. पण जी जनता टीव्हीसमोर बसून युद्ध मागते तिला मर्यादित युद्ध म्हणजे नक्की काय हे समजायला नको? ८ मेच्या रात्री चॅनेलवाले कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या खोट्या बातम्या देत होते, आमच्या ग्रुपवर लोक लाहोर घ्या लिहीत होते, आणि मी लोहगावजवळ राहते, सुखोई उडालं की आमच्या खिडकीच्या काचा थरथरतात, तर त्या रात्री मला एकच वाटत होतं की यातल्या कोणालाही माहीत नाहीये आपण कोणाला कशात पाठवतोय.

माझे काही मित्र म्हणतात की हा सगळा पैसा शाळा-दवाखान्यांत घाला, विमानं घेऊच नका. २०१६ मध्ये ३६ राफेलना हत्यारं, सुटे भाग सगळं धरून साधारण ५९ हजार कोटी मोजले, आकडा ऐकून पोटात गोळा येतो हे खरंच. पण अँटनींचा तो १७१ चा आकडा परत बघा. शांततेच्या काळात गेलेली माणसं आहेत ती. विमान न घेण्याचाही एक हिशोब असतो, आणि जुनी विमानं उडवत राहून तो पायलट चुकवतात. आणि इथे कुठलाच पक्ष सुटत नाही. हवाई दलाला लढाऊ विमानांच्या ४२ तुकड्या, म्हणजे स्क्वाड्रन, मंजूर आहेत. २००७ मध्ये १२६ विमानांचं टेंडर काढलं, पाच वर्षांनी राफेल निवडलं, पुढची तीन वर्षं वाटाघाटीत गेली, शेवटी ते सगळं रद्द करून ३६ घेतली, उरलेल्या ९० ची जागा रिकामीच राहिली. तेजसचा प्रोजेक्ट १९८३ मध्ये मंजूर झाला, पहिलं उड्डाण ४ जानेवारी २००१ ला. फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ तेजस मार्क-१ए ची ऑर्डर दिली, पहिलं मार्च २०२४ पर्यंत मिळायचं होतं, अमेरिकेतून इंजिनं वेळेवर आली नाहीत, बाकीचंही रखडलं. हवाई दलप्रमुखांनी मे २०२५ मध्ये जाहीर व्यासपीठावर सांगितलं की एकही प्रोजेक्ट वेळेत पूर्ण झालेला त्यांना आठवत नाही. पहिल्या दिवशी काय होतं ते या वीस-वीस वर्षांत ठरतं, आणि त्यावर किती रात्री डिबेट झाली?

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला तो मामांनी नाशिकला टीव्हीवर बघितला, मी शेजारी बसले होते. १९६३ मध्ये आलेलं विमान, त्यातली शेकडो ओझरला बनली, कितीतरी विमानांना मामांचा हात लागलेला. शेवटची दोन स्क्वाड्रन गेली आणि संख्या २९ वर आली. आदल्याच दिवशी आणखी ९७ तेजसचा करार झाला होता, त्याचीही बातमी खाली पट्टीवर सरकत होती. ओझरलाच तेजसची नवी लाईन सुरू होणार हे मामांना माहीत होतं, त्याचा त्यांना आनंदही होता. विमानांवर पाण्याचे फवारे मारले ते बघून त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि मग मला विचारलं, "अगं, त्या आधीच्या ८३ मधली किती आली गं आजपर्यंत?"

एकही आलेलं नव्हतं. मी तसं सांगितलं. मामा भिंतीकडे बघत बसले, मला तो बोर्ड आठवला.